डिकी रिकामी करून आणलेली गाडी: सोमवारी उतरणाऱ्या बॅटरीचं प्रकरण

गाडी सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी पाच दरवाजांची हॅचबॅक. बटण दाबून सुरू होणारं इंजिन, सिग्नलला थांबल्यावर आपोआप बंद होणारी स्टार्ट-स्टॉप सोय, चारही काचा पॉवरच्या. घरात चालवणारे दोघं, बसणारे पाच. मुख्य तक्रार एका ओळीची होती: बॅटरी मधूनच उतरते. कधी महिनाभर काही नाही, कधी लागोपाठच्या दोन आठवड्यांत दोनदा. बहुतेक वेळा सोमवारी सकाळी, पण दर सोमवारी नाही.

माझ्याकडे येण्याआधी गाडीवर बरंच काम झालं होतं. बॅटरी नवी बसवली, दीड महिन्यात तीही उतरली. मग इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर तपासला, तो चांगला निघाला. डॅशकॅमवर संशय आला म्हणून तो काढला. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून घेतली आणि ‘दोष आढळला नाही’ असं सांगून परत दिली. हेही पुन्हा एकदा झालं.

मुख्य तक्रारीच्या जोडीला बारीकसारीक तक्रारींची यादीच होती. ड्रायव्हरची काच एका दाबात वर जात नाही, अर्ध्यावर जाऊन परत खाली येते. घड्याळ शून्यावर येतं. स्टार्ट-स्टॉप कित्येक महिन्यांत चाललेलं नाही. जंप स्टार्ट केल्यावर, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या मदतीने गाडी सुरू केल्यावर, स्टीअरिंगचा आणि घसरण-नियंत्रणाचा पिवळा दिवा लागतो. टायरमधल्या हवेचा दिवा लागलेलाच असतो. आणि कधी कधी गाडी लॉक करताना इंडिकेटर लुकलुकत नाहीत. या शेवटच्या तक्रारीसाठी रिमोटमधला सीआर२०३२ सेल बदलून झाला होता.

यादी अशी लांबली की गाडीच बिघडली आहे असं घरच्यांना वाटायला लागतं, आणि ते साहजिक आहे. पण यातल्या बऱ्याच तक्रारी दोष नव्हेत, दोषाच्या खुणा आहेत. त्या आधी वेगळ्या काढल्या की काम निम्मं होतं.

काचेचं घ्या. एका दाबात वर जाणाऱ्या काचेला वाटेत बोट किंवा हात आला तर मागे फिरायचं असतं. त्यासाठी काच नेमकी कुठे आहे आणि वरचं टोक कुठे आहे हे तिच्या मोटरच्या कंट्रोलला माहीत असावं लागतं. वीज पूर्ण गेली की बऱ्याच गाड्यांमध्ये ही आठवण पुसली जाते. मग कंट्रोल सावधपणे वागतो: एका दाबाची सोय बंद ठेवतो किंवा काच मागे फिरवतो. काच पूर्ण वर नेऊन बटण आणखी काही सेकंद तसंच ओढून धरलं की टोक पुन्हा शिकलं जातं. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. काचेची मोटर बदलायचा सल्ला या कुटुंबाला मिळाला होता. सुदैवाने त्यांनी तो लगेच मानला नव्हता.

स्टीअरिंगचा आणि घसरण-नियंत्रणाचा दिवाही त्याच जातीचा. बॅटरी तुटून जोडली गेली की स्टीअरिंग सरळ कधी असतं हे सेन्सरला पुन्हा कळावं लागतं. अनेक गाड्यांमध्ये स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडं अंतर सरळ चालवलं की दिवे विझतात. इथेही दर वेळी थोड्या वेळाने विझत होते. स्टार्ट-स्टॉपला बॅटरीत पुरेसा चार्ज लागतो, नाहीतर सिग्नलला बंद केलेलं इंजिन परत सुरू होईल याची खात्री राहत नाही. म्हणून चार्ज कमी असेल तर ती सोय स्वतःहून गप्प बसते. घड्याळाबद्दल वेगळं सांगायला नको.

गाडीतल्या कंट्रोल युनिट्सनी, म्हणजे छोट्या संगणकांनी, नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर कोडचा ढीग निघाला. पी०५६२, म्हणजे सिस्टिमचा व्होल्टेज कमी, आणि त्याच्याबरोबर ‘यू’ने सुरू होणारे संपर्क तुटल्याचे कितीतरी. बॅटरी ९ व्होल्टच्या खाली गेलेली असताना कोणी सेल्फ मारत राहिलं की एकेक कंट्रोल युनिट बंद पडतं आणि बाकीची त्याच्या नावाने तक्रार नोंदवतात. अशा वेळी प्रत्येक कोडच्या मागे धावलं तर माणूस अर्धी गाडी बदलून बसेल. कोड लिहून घेतले, पुसले, आणि पुढची मोजमापं झाल्यावर पुन्हा काय येतं ते बघायचं ठरवलं.

मोजायला घेतलं तेव्हा गाडी जंप स्टार्ट करून आणलेली होती. बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून, काही तास तशीच ठेवून बघितली: १२.५ व्होल्ट. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण भरलेली, आराम दिलेली बॅटरी साधारण १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, आणि ११.९च्या आसपास ती जवळपास रिकामी असते. म्हणजे ही भरली, पण पूर्ण नाही. इंजिन चालू करून हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर असं सगळं लावलं, तरी बॅटरीच्या टोकांवर १३.९ व्होल्ट मिळत होते. अल्टरनेटरवर संशय घेण्याचं कारण उरलं नाही. अर्थिंगच्या जाड पट्टीवरचा व्होल्टेज ड्रॉपही, म्हणजे वाटेत होणारी व्होल्टेजची घट, नगण्य होता.

मग मुख्य चाचणी: गाडी बंद असताना ती बॅटरीतून किती पिते. इथे घाई केली की सगळंच चुकतं. आजची गाडी लॉक केली की लगेच झोपत नाही. आतली कंट्रोल युनिट्स एकमेकांशी बोलत असतात आणि ती टप्प्याटप्प्याने बंद होतात. काही गाड्यांना दहा मिनिटं पुरतात, काहींना अर्धा तास किंवा जास्तही लागतो. बॅटरीची वायर काढून मीटर मध्ये जोडला तर त्या क्षणी वीज तुटून सगळी युनिट्स नव्याने जागी होतात, आणि लपलेला दोषही तेवढ्याने निघून जाऊ शकतो. म्हणून मी डीसी प्रवाह मोजणारा, मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर निगेटिव्ह वायरभोवती अडकवतो. काही सोडायचं नाही, काही तोडायचं नाही. बॉनेट उघडं राहतं, म्हणून त्याचं लॅच, म्हणजे अडकवणारं कुलूप, स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केलं, म्हणजे गाडीच्या लेखी बॉनेट मिटलेलं. बिनकिल्लीच्या गाडीत रिमोट खिशात घेऊन जवळ उभं राहिलं तर ती पुन्हा जागी होऊ शकते, म्हणून रिमोट लांब ठेवला.

लॉक केल्यावर मीटर आधी काही अँपिअर, मग ०.९, आणि साधारण पंचवीस मिनिटांनी ०.०२वर आला. २० मिलिअँपिअर. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर बहुतेक गाड्यांसाठी ते ठीक मानतात. दोन तास नजर ठेवली, आकडा हलला नाही.

आधीच्या गॅरेजने दोन्ही वेळा हेच बघितलं असणार. त्यांनी जे मोजलं ते बरोबर होतं. गाडी त्यांच्यासमोर खरोखरच निर्दोष होती.

या टप्प्यावर बरेच जण बॅटरीवर शिक्का मारून मोकळे होतात, किंवा ‘गाडी कमी चालते म्हणून’ असं सांगतात. मला ते पटत नव्हतं. गाडी रोज कामाला जात होती आणि येऊन-जाऊन तासभर चालत होती. दोष मोजमापात दिसत नसेल, तर मोजताना आणि दोष घडताना गाडीत काय फरक आहे, हे विचारायला हवं. गाडी आणणाऱ्या ताईंना फोन लावला.

“ताई, गाडी माझ्याकडे आणताना तिच्यात काही बदललं होतं का? सामान, चार्जर, काहीही?”

“नाही हो. उलट तुम्हाला त्रास नको म्हणून डिकी पूर्ण रिकामी करून आणली.”

“एरवी डिकीत काय असतं?”

“आईंची व्हीलचेअर असते. त्यांना शनिवारी व्यायामाला न्यावं लागतं ना, फिजिओकडे. मग ती तशीच राहते डिकीत, सोमवारी ऑफिसला निघायच्या आधी हे काढतात.”

मागून मुलीचा आवाज आला: “आई, आजीची खुर्ची असली की गाडी डोळे मिचकावत नाही, मी तुला म्हटलं होतं.”

गेले कित्येक महिने कोणी विचारली नव्हती ती माहिती या पोरीकडे होती. लॉक करताना इंडिकेटर लुकलुकणं म्हणजे गाडीने दिलेली पावती: सगळे दरवाजे, बॉनेट आणि डिकी बंद आहेत, लॉक झालं आहे. एखादा दरवाजा उघडा आहे असं गाडीला वाटलं तर बऱ्याच मॉडेलमध्ये ही पावती मिळत नाही. रिमोटच्या सेलचा त्याच्याशी संबंध नसतो, कारण दरवाजे तर लॉक होत होते. सेल संपत आला असता तर लॉकही अडखळलं असतं. आणखी विचारल्यावर कळलं की चालवताना ‘दरवाजा उघडा’चं चिन्हसुद्धा अधूनमधून यायचं. सुरुवातीला त्यांनी उतरून पाचही दरवाजे तपासले होते, सगळे बंद. पुढे इतके दिवे लागायला आणि विझायला लागले की दिव्यांवरचा विश्वासच उडाला, आणि हे चिन्ह तक्रारींच्या यादीत लिहिलंच गेलं नाही.

व्हीलचेअर मागवून घेतली.

ती घडी घालून आडवी ठेवली की तिची दोन्ही हँडल डिकीच्या दरवाजाकडे येत होती. दरवाजा बंद होत होता, पण शेवटच्या क्षणी किंचित जोर लागायचा. आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर दोन गोल, चकाकणाऱ्या खुणा उमटल्या होत्या. हँडल इतके दिवस तिथे टेकत होते. सर्वात आधी दरवाजा पूर्ण अडकतो आहे ना, हे तपासलं, कारण चालत्या गाडीत डिकी उघडणं बॅटरीपेक्षा गंभीर. डिकीच्या लॅचचा पंजा दोन टप्प्यांत अडकतो. दोन्ही टप्पे नीट लागत होते, दरवाजा हाताने खेचून हलत नव्हता.

गाडी लॉक केली. इंडिकेटर लुकलुकले नाहीत. मीटर काही अँपिअरवरून १.३वर उतरला आणि तिथेच थांबला. दहा मिनिटांनी एकदम ०.४ने खाली आला. हा उतार ओळखीचा होता: डिकीतला ५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ०.४ अँपिअरच्या आसपास घेतो. बॅटरी वाचवण्यासाठी गाडी ठरावीक वेळाने आतले दिवे बंद करते, तसा तो बंद झाला. ताईंच्या मिस्टरांनी मागे रात्री खाली उतरून काचेतून डिकीत डोकावलं होतं, अंधार दिसला, म्हणून डिकीवरचा संशय तिथेच संपला होता. पण बल्ब विझला तरी मीटर ०.९वर खिळून राहिला. अर्ध्या तासाने ०.९. दोन तासांनी ०.९. डिकी उघडी आहे असं समजून गाडी जागी राहिली होती.

खात्रीसाठी फ्यूज तपासले, तेही न काढता. फ्यूजच्या माथ्यावर दोन उघडे ठिपके असतात, तिथे मीटरच्या सुया टेकवून मिलिव्होल्ट मोजायचे. फ्यूजमधून प्रवाह जात असेल तर त्याच्या दोन टोकांत अगदी थोडा व्होल्टेज पडतो. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे ढोबळमानाने ०.१३ अँपिअर. फ्यूज उपटून बघत बसलो तर युनिट्स झोपतात-उठतात आणि चित्र बिघडतं. इथे एकाच फ्यूजवर मोठा आकडा मिळाला नाही. डॅशबोर्ड, बॉडी कंट्रोल, म्युझिक सिस्टिम, बिनकिल्ली प्रवेश, अशा बऱ्याच फ्यूजवर थोडं थोडं मिळालं. हा फरक फार उपयोगी आहे. एकाच फ्यूजवर प्रवाह असेल तर त्या लाइनीवरची एखादी वस्तू चालू राहिली आहे. सगळीकडे थोडा थोडा असेल तर कोणीतरी सगळ्या घराला जागं ठेवतंय.

मग स्कॅनरवर डिकीची स्थिती थेट बघितली. दरवाजा बंद, खुर्ची आत: ‘उघडी’. बाहेरून तळहाताने दरवाजा दाबला: ‘बंद’. हात काढला: ‘उघडी’. खुर्ची काढली: ‘बंद’. खुर्ची उभी फिरवून ठेवली: ‘बंद’. बिघाड समोर होता. लॅचच्या आत पंजा किती फिरला आहे हे सांगणारा छोटा मायक्रोस्विच असतो. सात वर्षांच्या उघडझाकीने तो झिजून अगदी काठावर आला होता. डिकी रिकामी असताना पंजा पूर्ण फिरायचा आणि स्विच दाबला जायचा. खुर्चीच्या हँडलने दरवाजा बाहेर रेटला की पंजा केसभर मागे यायचा. कुलूप सुरक्षित, पण स्विच सुटलेला.

आता सोमवारचा हिशेब. गाडीत ६० अँपिअर-तासांची बॅटरी होती. शनिवारी संध्याकाळी सहाला गाडी लावली आणि सोमवारी सकाळी आठला काढली तर मध्ये ३८ तास जातात. ०.९ गुणिले ३८, म्हणजे ३४ अँपिअर-तास. निम्म्याहून जास्त बॅटरी गेली. निरोगी आणि पूर्ण भरलेल्या बॅटरीवर कदाचित इंजिन कसंबसं सुरू झालंही असतं, आणि जे सोमवार नीट गेले ते असेच गेले असणार. रविवारी कुठे बाहेर जाणं झालं तर मध्ये थोडा चार्ज भरायचा आणि सोमवारी गाडी सुरू व्हायची. आजी एखाद्या आठवड्यात गेल्याच नाहीत तर काहीच घडायचं नाही. बाहेरून बघणाऱ्याला यात कसलाही मेळ दिसला नसता.

नवी बॅटरी इतक्या लवकर का उतरली, याला दुसरंही कारण होतं. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला वारंवार उपसा सोसणारी ईएफबी किंवा एजीएम बॅटरी लागते. मूळची ईएफबी होती, तिच्या जागी साधी बसवली गेली होती. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवरचा सल्फेटचा थर कडक होत जातो आणि तेवढी क्षमता परत मिळत नाही. भरून आराम दिल्यावर १२.५ला अडकली, त्यातच ते दिसत होतं. तपासणी यंत्रानेही तिची सेल्फ फिरवायची ताकद लिहिलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशच दाखवली. बॅटरी हा मूळ दोष नव्हता, पण मूळ दोषाने तिला मारलं होतं.

दुरुस्ती छोटी झाली. मायक्रोस्विच सुटा मिळत नव्हता, म्हणून डिकीचं लॅच पूर्ण बदललं. नुसती खुर्ची फिरवून ठेवली तरी काम भागलं असतं, पण झिजलेला स्विच काही काळाने खुर्चीविनाही सुटला असता. दरवाजाच्या दोन्ही कोपऱ्यांतले रबरी टेकू थोडे आत फिरवले. ईएफबी बॅटरी बसवली आणि या गाडीला गरज असल्याने नवी बॅटरी स्कॅनरने गाडीत नोंदवली, म्हणजे चार्जिंगचं गणित जुन्या बॅटरीवर चालत राहणार नाही. निगेटिव्ह टोकावर बॅटरीचा सेन्सर आहे. घरी चार्जर लावायचा झाला तर काळा चिमटा बॅटरीच्या खुंटीला न लावता पुस्तिकेत दाखवलेल्या बॉडीच्या अर्थ जागी लावा, असं ताईंना दाखवून दिलं. सेन्सरला वळसा घालून भरलेला चार्ज त्याच्या हिशेबात येत नाही.

शेवटची चाचणी मुद्दाम वाईट परिस्थितीत घेतली. खुर्ची आडवी, हँडल दरवाजाकडे, दरवाजा थोडा जोर लावून बंद. इंडिकेटर लुकलुकले. पंचवीस मिनिटांनी ०.०२ अँपिअर, आणि सकाळपर्यंत तेच. काचा पुन्हा शिकवल्या, घड्याळ लावलं. स्टार्ट-स्टॉप त्या दिवशी चाललं नाही. नव्या बॅटरीनंतर गाडीला बॅटरीची स्थिती आजमावायला काही तास उभं राहणं आणि थोडं चालणं लागू शकतं, हे आधीच सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी ते सुरू झाल्याचा ताईंचा मेसेज आला. पुसलेल्या कोडपैकी एकही परत आला नाही.

टायरच्या हवेचा दिवा मात्र तसाच होता. कमी व्होल्टेजच्या गोंधळातलाच एक, असं समजून सगळ्यांनी तो सोडून दिला होता. हवा मोजली तेव्हा तीन टायरमध्ये ३३ पीएसआय आणि मागच्या उजव्या टायरमध्ये २४ निघाली. तळव्याच्या खाचेत छोटा स्क्रू रुतून बसला होता. साबणाचं पाणी टाकल्यावर त्याच्या कडेने बारीक बुडबुडे येत होते. टायर रिमवरून उतरवून आतून पॅच मारला, चारही टायरची हवा सारखी केली, सिस्टिम रीसेट केली, आणि तो दिवाही विझला.